जिनिंगात कुणी मरत नसे

निम्मी तूर भरडून झाली होती. जात्याच्या एका अंगाला सुपात पिवळीधमक डाळ, दुसऱ्या अंगाला पाटीत आख्खी तूर, आणि मधे खुंट्याला हात लावून समोरासमोर बसलेल्या दोघी, जगदेवी आणि शेजारची हरणाबाई. तुरीला तेलपाणी दाखवून चांगली उन्हं दिली होती, त्यामुळं जातं कसं हलकं फिरत होतं.

"तेल कितीसं लागलं गं?" हरणाबाईनं विचारलं.

"बुधली उदंड झाली."

हरणाबाई खुंटा सोडून हसायला लागली. "बुधली उपडी पडलीय, आन म्हणं उदंड झाली! जगदेवी, एकदा तरी संपलं म्हण की. जीभ झडती का?"

"झडत न्हाय. पण कशाला म्हणायचं?"

जगदेवीचं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिचं माहेर आळंदकडचं. घरात कानडी, दारात मराठी. तिच्या आजीनं तिला शिकवलं होतं, की वाईट शब्द एकदा जिभेवर आला की तो घराची वाट शिकतो. म्हणून तिच्या घरात दिवा विझत नसे, मोठा होत असे. बांगडी फुटत नसे, वाढत असे. मरणाचं तर नावच नको. त्यांच्या लिंगायतांतलं कुणी गेलं तर ते 'लिंगैक्य झाले'. जीव आपल्या लिंगात, शिवात मिळाला. दुसऱ्या जातीचं कुणी गेलं तर 'देवाघरी गेलं'. दारातलं कुत्रं मेलं तेव्हासुद्धा ती 'कुठं गेलं कोण जाणे' एवढंच म्हणाली होती, आणि कुत्रं तर तिच्या डोळ्यांसमोर पडलेलं होतं. सकाळी न्हाऊन, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय तिनं कधी पाण्याचा घोट घेतला नाही. एकुलती लेक नांदायला गेली तेव्हापासून पूजेचा वेळ वाढला होता, एवढंच.

नवरा महालिंगप्पा उमरग्याच्या शिवेवरच्या जिनिंगात कामाला होता. कापसातली सरकी काढायचा तो कारखाना. निजामाच्या राज्यात तेव्हा महायुद्धापायी कापसाला मोठी मागणी होती, आणि सुगीपासून जिनिंगाचं इंजिन गप्प म्हणून बसलं नव्हतं. मालक सेठ लातूरला. इथला सगळा कारभार मुनीम हणमंतप्पाच्या हाती. महालिंगप्पाचं काम तेलाचं. फिरत्या दांड्यांना तेल घालायचं आणि चाकावरून पट्टा निसटला की तो परत चढवायचा. इंजिन थांबवून चढवला तर मुनीम डोकं खायचा, म्हणून चालत्या चाकावरच हातानं चढवायचा. ते सगळ्यांना जमत नसे. महालिंगप्पाला जमायचं.

मुनीम देवळाच्या कट्ट्यावर बसला की अभिमानानं सांगायचा, "एवढी यंत्रं चालतेत, पण आमच्या जिनिंगात आजवर एक माणूस दगावला न्हाय. बसवण्णाची कृपा." ऐकणारे हात जोडत. जगदेवीनंही जोडले होते.

जात्यात नवी मूठ पडली आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीच्या चाकांची लोखंडी धाव खडखडली. जिनिंगाची गाडी. बैलांपुढं मुनीम स्वतः चालत होता. मागं दीर बंडप्पा, मान खाली. बंडप्पाही जिनिंगातच होता, गाठी बांधायला. तीन लेकरांचा बाप, एरवी दहा घरं ऐकू जाईल असं बोलणारा माणूस. आज त्याच्या तोंडून शब्द नव्हता.

गाडीत तरटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तरट गळ्यापर्यंत सुतळीनं शिवलेलं, आणि वर महालिंगप्पाचं तोंड.

"तंगी, सरक," मुनीम म्हणाला. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. तो गल्लीतल्या सगळ्या सुनांना तसंच म्हणायचा. "सरक, आत घेऊ दे. पटकी झालीय. जीव हाय अजून. तीर्थ आण, लवकर."

जगदेवी उठली ती सुपाला पाय लागून डाळ सांडली तरी तिला कळलं नाही. देव्हाऱ्यातली तांब्याची वाटी तिनं उचलली. सकाळच्या पूजेचं तीर्थ होतं. गाडीबरोबर आलेल्या दोघा हमालांनी महालिंगप्पाला पुढच्या सोप्यात ठेवलं. मुनीम त्याच्या तोंडाशी वाकला.

"घाल, तंगी. जीव घुटमळतोय. तुझ्यासाठीच थांबलाय."

तिनं ओठांवर तीर्थ घातलं. मुनीम लगेच उंबऱ्यावर गेला आणि जमलेल्या माणसांना मोठ्यानं म्हणाला, "तीर्थ घेतलं! आपल्या घरात, बायकोच्या हातून. लिंगैक्य झाले. पुण्यवान जीव."

"शिव शिव," गल्ली म्हणाली.

जगदेवीच्या हातात वाटी तशीच होती. घातलेलं तीर्थ महालिंगप्पाच्या ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं आणि गालावरून कानात गेलं होतं. गालाला तिचा हात लागला. गार होता. आत्ता गेलेल्या माणसाचा गाल असा असतो का, हे तिला माहीत नव्हतं. पण जात्याचा दगड जेवढा गार, तेवढा तो गार होता.

"सकाळी तर दोन भाकरी खाऊन गेले," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

"पटकी हाय ती," मुनीम म्हणाला. "नावातच पटकन हाय. वेळ लावती व्हय? पल्याडच्या खेड्यात बघ की, घरंच्या घरं..." मग तो दारातल्या माणसांकडं वळला. "जवळ येऊ नगा कुणी. तरट उसवायचं न्हाय. लेकराबाळांचे धनी हाव सगळे. अय्यांना निरोप गेलाय, खड्ड्यालाबी माणसं लावलीत. दिस कलायच्या आत उरकून घेऊ."

माणसं मागं सरकली. पटकीचं नाव ऐकल्यावर कोण पुढं येणार? एक हरणाबाई तेवढी भिंतीला टेकून उभी राहिली, हाताला तुरीची टरफलं चिकटलेली.

"मुनीमअप्पा," ती म्हणाली, "माणूस घरी येऊन गेला म्हणता. मग खड्डा खणाय आधीच कशी माणसं लावली?"

मुनीमानं तिच्याकडं पाहिलंही नाही. "हरणाबाई, तू तुझ्या घरी जा. मराठ्याची तू, आमच्यातलं तुला काय कळतंय?"

"खड्डा कळतोय की. खड्ड्याला काय जात असती?"

तेवढ्यात महारुद्रअय्या आले. गल्लीचे जंगम, लग्नापासून समाधीपर्यंत सगळं त्यांच्याच हातून व्हायचं. म्हातारे होते, भित्रे नव्हते. पण त्यांच्या मठीच्या नव्या छपराची लाकडं जिनिंगातून आली होती, आणि मुनीम दिसला की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. पटकी म्हटल्यावर ते दारातच थबकले.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती फासून, मांडी घालून बसवतात. गळ्यातलं लिंग सोडून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसलेलं समाधीत उतरवतात. जन्मभर ज्या तळहातावर पूजा केली, त्याच तळहातावर शेवटी लिंग.

"न्हाणं न्हाय जमायचं," अय्या म्हणाले. "तोंडाला विभूती लावू. पण लिंग हातावर ठेवावं लागंल, हणमंतप्पा. तेवढं तरट बाजूनं उसवा."

"कशाला, अय्या? गळ्यातच राहू दे. रोगाचं शरीर."

"मी ठेवते," जगदेवी म्हणाली. "मला कशाचा रोग लागायचाय?"

मुनीम तिच्या आडवा आला. पण जंगमासमोर बायकोला नवऱ्याच्या लिंगापासून अडवणं त्याच्याही जिवावर आलं. तो धर्माचा माणूस होता. रोज पूजा करणारा. म्हणूनच तर त्याला तीर्थाची युक्ती सुचली होती.

जगदेवीनं महालिंगप्पाच्या गळ्यातलं लिंग सोडलं. ते बांधलेलं पांढरं फडकं ओलं होतं. तरटाची सुतळी तिनं दातांनी तोडली आणि डाव्या बाजूनं हात आत सारला. खांदा लागला. दंड लागला. कोपर लागलं. कोपराच्या खाली घट्ट आवळलेलं, ओलंचिंब फडकं लागलं. त्याच्या खाली काही नव्हतं. तिनं पुन्हा चाचपलं. तरट होतं. तरटाच्या आत तिचा स्वतःचाच हात होता.

तिनं हात बाहेर काढला. बोटं लाल झाली होती.

बंडप्पानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"भावजी," जगदेवी म्हणाली, "हात कुठाय ह्यांचा?"

"वैनी..." बंडप्पा एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

हरणाबाईनं मात्र तोंडावर पदर दाबला, आणि मग पदर काढून बोलायला लागली. हळू, जणू स्वतःशीच. "आमच्या धन्यालाबी असंच आणलं व्हतं. ह्याच गाडीत. अंगावर कापसाची गाठ पडली व्हती. छाती सगळी दबलेली. ह्यो मुनीम म्हणला, ताप चढलाय, जीव हाय, पाणी पाज. म्या पाजलं. मग म्हणला, बघा, घरी येऊन गेला. समद्यास्नी म्याच सांगत फिरले, माझ्या हातचं पाणी पिऊन गेले म्हणून. मला त्याचंच समाधान वाटायचं गं, जगदेवी." तिनं मुनीमाकडं बोट केलं. "जिनिंगात कुणी मरत न्हाय, व्हय की न्हाय? समदे घरी येऊन मरतेत."

"तोंड सांभाळ," मुनीम म्हणाला. मग त्यानं आवाज बदलला. "तंगी, जरा आत ये. दोन शब्द बोलायचेत."

स्वयंपाकघराच्या दाराआड तो उभा राहिला. त्याच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"लपवत न्हाय तुझ्यापासून. पट्ट्यात हात गेला. शिवाची मर्जी. पण आत मेला म्हटलं की पोलिसांचा अमीन येतो, पंचनामा होतो, हैदराबादेचा साहेब येऊन यंत्रांना कुलूप घालतो. तीनशे घरांच्या चुली हायेत त्या यंत्रांवर. तुझ्या दिराचीबी." तो जवळ आला. "आन तुझं दुःख मला कळत न्हाय व्हय? मीबी लिंगवंत हाव. हात जपून ठेवलाय. नव्या पांढऱ्या कापडात आणून देतो, आत्ता. कोपराला जुळवून बांधू. अय्या लिंग ठेवतील. सगळं यथासांग होईल. तू फक्त पटकी म्हण. एक शब्द, तंगी."

जगदेवीनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. तिच्या मुठीत महालिंगप्पाचं लिंग होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून दोघं पहाटे शेजारी बसत, एकाच्या विभूतीत दुसरा बोट बुडवत असे. तिला तो हात हवा होता. दुसरं जगात काही नको होतं, तेवढा हात हवा होता. तो तळहात तिला बोटानं रेखून दाखवता आला असता. तेलानं काळी झालेली रेघ, अंगठ्याखालचा जुना भाजलेला डाग. हाताविना बसवला तर तिच्या मनाला जन्मभर कुरतडणार होतं. आणि शब्द तरी काय, पटकी. असे शब्द तर ती रोजच वापरत होती. उपड्या बुधलीला ती उदंड म्हणत होती.

ती देव्हाऱ्यासमोरच उभी राहिली. मुनीमाला वाटलं, झालं.

"आन बंडप्पाची काळजी करू नगंस," तो म्हणाला. "त्याला उद्यापासून तेलाचं काम देतो. भावाच्या जागेवर भाऊ. घरातली जागा घरातच."

"त्याच पट्ट्यावर?"

"मग? काम काय थांबतंय व्हय, तंगी?"

"चालत्या चाकावर?"

मुनीमानं उपरण्यानं मानेचा घाम पुसला.

जगदेवी दाराआडून बाहेर आली. सोपा ओलांडून उंबऱ्यावर उभी राहिली. समोर सगळी गल्ली होती, बायका ओट्यांवर, पुरुष खाली रस्त्यात, पटकीच्या भीतीनं अंतर राखून उभे. ती आयुष्यात कधी अशी चारचौघांपुढं उभी राहिली नव्हती.

"आमचे मालक मेले," ती म्हणाली. "जिनिंगात मेले."

'मेले' म्हणताना तिची जीभ अडखळली. पण शब्द पुरा बाहेर आला. एक म्हातारी "शिव शिव" म्हणून कानांवर हात ठेवती झाली. जगदेवीच्या तोंडून असा शब्द!

"अव्वा," महारुद्रअय्या कळवळून म्हणाले, "असं म्हणू नये. लिंगैक्य झाले म्हण."

"ते अजून व्हायचेत, अय्या. लिंग ठेवायला हात कुठाय? हात मुनीमअप्पांनी जिनिंगात ठेवलाय जपून. आत्ताच म्हणाले मला."

सगळे मुनीमाकडं पाहायला लागले. तो दारात आला होता. क्षणभर त्याचा चेहरा उघडा पडला, मग त्यानं उपरणं झटकलं.

"कुठला हात? दुःखानं डोकं फिरलंय बाईचं. तीर्थ घेतलं त्यानं, तुमच्या समोर! तूच पाजलंस की गं."

"मी घातलं," जगदेवी म्हणाली. "त्यांनी घेतलं न्हाय. कानात गेलं सगळं. या की कुणी, बघा. पटकी न्हाय, भिऊ नगा. पटकीनं हात तुटत न्हाय कुणाचा."

कुणी हललं नाही. निम्म्या घरांतला एकेक माणूस जिनिंगात होता. कुणी वर पाहत होतं, कुणी बैलांकडं. जगदेवीला वाटलं, संपलं. तो शब्दही तिनं त्या दिवशी मनात पहिल्यांदाच उच्चारला असेल. मग हरणाबाई पुढं झाली, सरळ सोप्यात गेली, तरट उसवलं होतं तिथं वाकली आणि ताठ उभी राहिली.

"कोपराखाली हात न्हाय," ती बाहेर येऊन म्हणाली, दवंडी द्यावी तशी. "म्या बघितलं. आणखी कुणाला बघायचंय?"

एक जण चढून वर आला. मग दुसरा.

मुनीम पायऱ्या उतरला. गाडीवानाला त्यानं हातानंच खूण केली आणि गाडी वळवायला लावली. जाता जाता तो अय्यांना म्हणाला, "दिस मावळायच्या आत समाधी झाली न्हाय, तर मठीचं छप्पर कुणी घातलं ते आठवा." गाडी भरधाव निघाली.

आतापर्यंत भिंतीशी बसलेला बंडप्पा उठला. "वैनी, तो हात आता बायलरात टाकतील. राख झाली की मग कोण काय दाखवणार?"

जगदेवी त्याच्याकडं नुसती पाहत राहिली. जा म्हणायचं धाडस तिला झालं नाही. तीन लेकरं होती त्याला.

"तसं बघू नगंस," तो म्हणाला. "तरट म्याच शिवलं. सुई माझ्या हातात दिली त्यानं. मला वाटलं... काय वाटलं ते जाऊ दे." त्यानं धोतराचा सोगा खोचला. "माळावरच्या पायवाटेनं गेलं की गाडीच्या आधी पोचतो. बायलरापुढं बसतो. मला उचलून टाकावं लागंल."

तो मागच्या दारानं गेला. जगदेवीनं त्याच्या पाठीकडं पाहिलं नाही. मागून पाहू नये, अपशकुन होतो, हे अजूनही तिच्या अंगात होतं.

अय्या सोप्यात आले. कुणी न सांगता महालिंगप्पाच्या उशाशी बसले आणि त्याच्या कपाळाला विभूती लावली. "बसून राहतो मी," ते म्हणाले. "छप्पर काढून नेलं तर नेलं. पण अव्वा, एक ऐक. अमीनसुद्धा सेठच्याच ताटातला. तो येईल, पान खाईल, आन पटकीच म्हणेल."

"म्हणू दे. त्याच्या तोंडानं म्हणू दे, ह्या सगळ्यांच्या समोर, ह्यांचं अंग उघडं करून. माझ्या तोंडून नगं."

"दमदाटी करंल. कचेरीत बाईमाणसाला आत घेत न्हाईत."

"मग बाहेर बसते."

हरणाबाई उंबऱ्यावर आडवी बसली, दोन्ही चौकटींना हात लावून. "मी हितंच हाय. खड्डा खणणारे आले तर त्यात आधी मला घालावं लागंल. तू जा. आन हे बघ, तिथं कचेरीत तुझं ते उदंड-बिदंड लावू नगंस. काय झालं ते सांग."

जगदेवीनं महालिंगप्पाचं लिंग आपल्या लिंगाशेजारी गळ्यात बांधलं. बोटांवरचं रक्त तिनं धुतलं नाही. पदर डोक्यावरून घेतला, खांद्यावरून पुढं ओढून कमरेला खोचला. गल्ली तिला वाट करून देत बाजूला झाली. कुणी पाया पडलं, कुणी तोंड फिरवलं. वेशीच्या पलीकडं, बाजार ओलांडून, अमीनाची कचेरी होती. जगदेवी अमीनाला बोलवायला निघाली.